रांग, लिलाव आणि दरबार

आमचे एक स्नेही गेली बावीस वर्षे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात अभियंता आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेत ते वाढले. रद्दीच्या दुकानातून परदेशी मासिके आणायची, त्यांतली मोटारींची चित्रे कापायची आणि वहीत खळीने चिकटवायची, हा त्यांचा लहानपणीचा नाद. ती वही अजून त्यांच्यापाशी आहे. मुलीचे शिक्षण संपले, घराचे कर्ज फिटले, पंचावन्नावे लागले, तेव्हा त्या वहीतल्या एका चित्राची आजची वंशज विकत घ्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे मुक्कामास होतो, म्हणून शोरूममध्ये आम्हीही सोबत गेलो.

विक्रेता अत्यंत सुसंस्कृत होता. त्याने कॉफी दिली, आमच्या प्रवासाची चौकशी केली आणि मग स्नेह्यांना विचारले, “आमच्याकडून यापूर्वी आपण कोणकोणत्या गाड्या घेतल्या आहेत?” स्नेही म्हणाले, “एकही नाही.” त्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटली, ती आम्ही आजवर फक्त डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. या गाडीचे ‘अ‍ॅलोकेशन’ वर्षाला मोजकेच येते आणि ते जुन्या ग्राहकांत वाटले जाते, असे त्याने समजावून सांगितले. आपण आधी आमची एखादी मोठी, चार दारांची गाडी घ्यावी, दोनेक वर्षांनी आणखी एक घ्यावी, मग पाहू. दुसरा मार्ग दारापाशी उभा होता. एका ग्राहकाने ऐनवेळी सोडलेली तशीच एक गाडी तिथे होती. तिच्या काचेवर दोन कागद होते. एक लांबरुंद, कारखान्याचा, किंमत छापलेला. त्याच्या शेजारी दुसरा, लहान, डीलरचा. त्यावर ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ असे दोनच शब्द आणि पुढे सत्तर हजार डॉलरचा आकडा.

स्नेह्यांनी दोन्ही कागद नीट वाचले आणि अभियंत्याला शोभेल असा प्रश्न विचारला, “या सत्तर हजारांत गाडीत जास्तीचे काय मिळते?” विक्रेता न हसता म्हणाला, “गाडी मिळते.”

साहित्य आणि समीक्षेला वाहिलेल्या या जागी श्रीमंतांच्या खेळण्यांची चर्चा कशासाठी, असे वाचकांपैकी काहींच्या मनात आलेच असेल. प्रश्न रास्त आहे. दीड-दोन लाख डॉलरची गाडी न मिळाल्याने कोणाच्या घरची चूल विझत नाही, आणि आमच्या स्नेह्यांच्या वाट्याला आलेल्या निराशेला दुःख म्हणावे असा आमचा आग्रहही नाही. तरीही या विषयावर लिहिण्यास आमच्यापाशी दोन कारणे आहेत. पहिले कारण भाषेचे. ज्या व्यवहारात खंडणीला ‘समायोजन’ म्हणतात, विक्रीला ‘वाटप’ म्हणतात आणि गिऱ्हाइकीला ‘नाते’ म्हणतात, तो व्यवहार समीक्षकाच्या कक्षेबाहेरचा कसा? दुसरे कारण असे की जिथे गरज नसते तिथे रोग शुद्ध स्वरूपात दिसतो. धान्याच्या काळ्या बाजारात भूक मध्ये येते आणि विचार गढूळ होतो. इथे भूक नाही, म्हणून यंत्रणेचे सगळे दाते मोजता येतात. शिवाय हा रोग वरच्या मजल्यावर राहत नाही. २०२१-२२ साली संगणकीय चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा मुलांना शाळेत सोडण्यासाठी घ्यायच्या साध्या गाड्यांच्या काचांवरही अमेरिकेत तोच लहान कागद चिकटला होता.

प्रथम त्या मोठ्या कागदाची कथा. १९५० च्या दशकात अमेरिकेतील डीलर गाडीची किंमत मनास येईल तशी फुगवीत आणि मग जुन्या गाडीपोटी घसघशीत सूट दिल्याचा देखावा करीत. ग्राहकाला मूळ किंमत ठाऊकच नसे. ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर माइक मनरोनी यांनी यावर कायदा आणला आणि तो १९५८ मध्ये संमत झाला. तेव्हापासून प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर उत्पादकाने किंमत, जोडसाहित्य आणि वाहतूक खर्च यांचा तक्ता लावलाच पाहिजे, आणि गाडी ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत तो कोणी काढता कामा नये. या तक्त्याला आजही त्या सिनेटरांच्याच नावाने ओळखतात. पण कायदा करणाऱ्यांनी एक फट ठेवली. तक्त्यावरची किंमत उत्पादकाने ‘सुचवलेली’ असते, बांधील नसते. तक्ता काढणे गुन्हा. त्याच्या शेजारी दुसरा लावणे हा व्यापार. सत्य झाकायचे नाही, फक्त त्याच्या बाजूला एक खुर्ची मांडून स्वतः बसायचे, अशी ही सोय आहे.

मराठी वाचकाला हे चटकन पचणार नाही. थंड पाण्याच्या बाटलीवर ‘कूलिंग’चे दोन रुपये जास्त मागणाऱ्या दुकानदाराशी भर रस्त्यात हुज्जत घालणारे आपण लोक. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीहून अधिक घेणे आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘छापील किंमत’ या दोन शब्दांना आपल्या बोलण्यात जवळजवळ शपथेचे वजन आहे. हा नियम मोटारींना लागू नाही हे खरे. पण छापलेला आकडा म्हणजे दिलेला शब्द, हा संस्कार त्याने आपल्यावर केला आहे. अमेरिकेत छापलेला आकडा ही केवळ एक सूचना आहे, आणि सूचनेचे काय करायचे हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते.

आता ‘अ‍ॅलोकेशन’. कारखाना वर्षाकाठी अमुक इतक्याच गाड्या काढतो. त्या कोणत्या डीलरला किती द्यायच्या, हे बहुधा त्या डीलरने कंपनीच्या इतर गाड्या किती विकल्या यावर ठरते. म्हणजे दुर्मिळ गाडी हे डीलरला मिळणारे बक्षीस असते. डीलर हेच गणित खाली ग्राहकावर उतरवतो. ज्याने न आवडणाऱ्या तीन गाड्या घेतल्या, त्याला आवडणारी चौथी. मधल्या तीन गाड्यांवर झालेला तोटा हीच मग चौथीची खरी किंमत, फक्त ती कोणत्याही तक्त्यावर छापलेली नसते. या हिशेबाला विक्रेते ‘हिस्टरी’ म्हणतात. इतिहासाची इतकी स्वस्त व्याख्या आमच्या वाचनात दुसरी नाही.

उत्पादकांना याविषयी विचारावे तर ते हात वर करतात. किंमत ठरवणारा डीलर स्वतंत्र व्यापारी आहे, आम्ही काय करणार? यात अर्धे सत्य आहे. अमेरिकेतील मोटारविक्री डीलरांच्या हाती कायद्याने बांधून दिलेली आहे. बलाढ्य कारखान्यांनी लहान विक्रेत्यांना चिरडू नये म्हणून १९५६ साली त्यांना संघराज्याच्या न्यायालयात दाद मागण्याचा खास हक्क देणारा कायदा झाला. पुढे राज्याराज्यांतून असे कायदे झाले की बहुतेक ठिकाणी, ज्या कंपनीचे डीलर आहेत तिला स्वतःच्या गाड्या थेट ग्राहकास विकता येत नाहीत. दुर्बळाच्या रक्षणासाठी बांधलेला कोट कालांतराने बळकट झालेल्या त्याच दुर्बळाची गढी होतो. आपल्याकडच्या कित्येक सहकारी संस्था पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

पण उरलेले अर्धे सत्य उत्पादक सांगत नाहीत. किमतीला कमाल मर्यादा घालणे हा संघराज्याच्या मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये पूर्वी आपोआप गुन्हा ठरे. १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्टेट ऑइल विरुद्ध खान या खटल्यात ती भूमिका सोडली; प्रत्येक प्रकरण त्याच्या परिणामांवरून तपासावे असे ठरले. राज्यांच्या कायद्यांचा अडसर उरतो हे मान्य. परंतु सर्वांत मोठे हत्यार उत्पादकाच्याच हाती असते: पुढच्या वर्षीच्या गाड्या कोणाला द्यायच्या, हे तोच ठरवतो. हे हत्यार चालते याची साक्ष त्यांनीच दिली आहे. २०२२ च्या आरंभी जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी आपापल्या डीलरांना ताकीद दिली, की तक्त्यावरच्या किमतीहून अधिक मागाल आणि नोंदणी केलेल्या ग्राहकांना नाडाल, तर तुमच्या वाट्याच्या गाड्या कमी होतील. तेव्हा जे शक्य होते, ते इतर वेळी का अशक्य असावे? चीड साध्या गाड्यांच्या ग्राहकांची होती आणि तिचा बोभाटा झाला होता, एवढाच फरक आम्हांला दिसतो.

आमचा मुख्य आक्षेप मात्र किमतीला नाही. कोणी आपल्या खुशीने सत्तर हजार जास्त दिले तर आम्हांला त्याची पोटदुखी नाही. आक्षेप वाटपाच्या रीतीला आहे.

वस्तू थोडी आणि मागणारे अनेक, असा प्रसंग मानवी समाजापुढे नेहमीच येतो. तो सोडवण्याच्या दोन सरळ रीती आहेत. पहिली रांग: जो आधी आला त्याला आधी. हिच्यात गरीब-श्रीमंत सारखे, कारण वेळ सर्वांना सारखाच मिळालेला आहे. दुसरी लिलाव: जो जास्त देईल त्याला. ही निष्ठुर आहे, पण उघडी आहे. हातोडा सर्वांसमक्ष पडतो आणि हरलेल्याला आपण किती रकमेने हरलो ते कळते. या दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. वस्तू मिळाली की व्यवहार संपतो, आणि घेणारा देणाऱ्याचे काही लागत नाही.

तिसरी रीत दरबाराची. इथे रांग नसते, कारण कोण आधी आला याला महत्त्व नाही. लिलाव नसतो, कारण किंमत उघड बोलली जात नाही. इथे मर्जी असते. पेशवाईत वतनाला वारस मंजूर करून घ्यायचा तर सरकारात नजर भरावी लागे. ती किती, हे वतनाच्या उत्पन्नावरून, माणसाच्या ऐपतीवरून आणि मधल्या कारकुनाच्या भुकेवरून ठरे. नजर भरणाऱ्याला ती किंमत वाटत नसे, मान वाटे. काचेवरचा तो लहान कागद म्हणजे ही नजर आहे, आणि ‘हिस्टरी’ म्हणजे दरबारातील हजेरी.

आपल्या पिढीला तुटवडा ठाऊक नाही असे नाही. १९६० साली केंद्र सरकारने स्कूटरींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. पुढची दोन दशके पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गाने स्कूटरसाठी नोंदणी करून दहा-दहा वर्षे वाट पाहिली. परकीय चलन भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. सरकारी कोटा निराळा. आणि ज्याचा नंबर लागला त्याच्या दाराशी ‘ऑन’ देऊन नंबर विकत घेणारे उभे राहत. ‘ऑन’ हा आपल्या बोलीचा शब्द ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’पेक्षा किती प्रामाणिक आहे पाहा. त्यात आपण वरचे पैसे घेत आहोत याची कबुली आहे, आणि थोडी शरमही. तो घेणारा आवाज खाली करून बोले. डेट्रॉईटच्या उपनगरातला आमचा विक्रेता छापील कागदावर मागत होता.

त्या तुटवड्यात आणि या तुटवड्यात आणखी एक मोठा भेद आहे. तेव्हा कारखान्याला जास्त स्कूटरी काढायच्या होत्या आणि परवाना आड येत होता. इथे कारखाना स्वतःच स्वतःचा परवाना अधिकारी होतो. पोर्शने २०१६ मध्ये ९११ आर ही गाडी आणली. हाताने गिअर बदलायची, हलकी, चार लिटर इंजिनाची. काढल्या फक्त ९९१, कारण त्या पिढीचा अंतर्गत क्रमांक ९९१. मान प्रथम ९१८ स्पायडर ही त्याहून महागडी गाडी घेतलेल्यांचा. अमेरिकेत तिची मूळ किंमत १,८४,९०० डॉलर होती. थोड्याच दिवसांत ती कित्येक पटींनी मागितली जाऊ लागली. पुढल्याच वर्षी कंपनीने तसेच इंजिन आणि तसाच हाताचा गिअर असलेली जीटी-थ्री टूरिंग संख्येची अट न घालता आणली आणि ९११ आरचे भाव घसरले. हा आकडा लोखंडाच्या उपलब्धतेतून आलेला नव्हता, तो एका कल्पनेतून आला होता. २०२३ मध्ये त्याच घराण्यातली ९११ एस/टी आली, ती १,९६३ नगांची, कारण पहिली ९११ लोकांसमोर आली ते साल १९६३. संख्या ही जेव्हा पुरवठ्याची मर्यादा न राहता अलंकार होते, तेव्हा तिच्यावर अर्थशास्त्राइतकाच अलंकारशास्त्राचाही हक्क पोचतो.

फेरारीचेही तेच. १९८७ साली एफ-४० आली तेव्हा सुमारे चारशे गाड्यांची भाषा होती; निघाल्या तेराशेहून अधिक. २०१३ मध्ये कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष लुका दि मोंतेझेमोलो यांनी दुर्मिळता जपण्यासाठी वर्षाला सात हजारांच्या आत राहण्याचे जाहीर केले, आणि त्या वर्षी ६,९२२ गाड्या रवाना झाल्या. २०१५ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. २०२४ मध्ये तिने १३,७५२ गाड्या दिल्या. दुर्मिळता जपलेली आहेच, फक्त ती आता दुपटीने निघते.

यावर बाजाराचे भाष्यकार सांगतील: मागणी जास्त, पुरवठा कमी, तर किंमत चढणारच, डीलर फक्त खरी किंमत शोधून काढतो. उत्तम. मग उघड लिलाव करा. तो कसा करायचा हे या मंडळींना ठाऊक नाही असेही नाही. फेरारीने लाफेरारी ही गाडी निवडक ग्राहकांना ४९९ नगांत दिली. नंतर पाचशेवी बांधली आणि इटलीतील भूकंपग्रस्तांसाठी २०१६ च्या डिसेंबरात ती लिलावात मांडली. सत्तर लाख डॉलर आले. पुण्यकर्मासाठी लिलाव चालतो, तर व्यापारासाठी का चालू नये? आमच्या मते कारण एकच आहे. लिलाव ऋण शिल्लक ठेवत नाही. सत्तर लाख मोजणारा माणूस गाडी घेऊन जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. मर्जीने दिलेली गाडी घेणारा मात्र पुढची बारा वर्षे मिंधा राहतो; पुढच्या मर्जीसाठी कंपनीच्या जाकिटापासून न आवडणाऱ्या गाडीपर्यंत सर्व घेत राहतो. दरबाराला पैसे हवेच असतात, पण त्याहून अधिक मिंधे हवे असतात.

या मिंधेपणाचे करारपत्रही होते. फोर्डने २०१६ मध्ये जीटी या गाडीसाठी अर्ज मागवले. आपण कोण, आपल्याकडे फोर्डच्या कोणत्या गाड्या आहेत, ही गाडी चालवणार की नुसती ठेवणार, अशा प्रश्नांची उत्तरे भरून साडेसहा हजारांवर लोकांनी अर्ज पूर्ण केले. पहिली निवड पाचशेंची. निवडलेल्याने दोन वर्षे गाडी विकायची नाही अशी अट. कुस्तीगीर आणि नट जॉन सीना यांनी सुमारे साडेचार लाख डॉलर मोजून घेतलेली गाडी २०१७ च्या शरद ऋतूत महिन्याभरात विकली, आणि फोर्डने त्यांच्यावर दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली. जनरल मोटर्सने २०२२ मध्ये कॉर्व्हेट झी-झिरो-सिक्ससारख्या गाड्यांबाबत जाहीर केले, की वर्षाच्या आत विकाल तर हमीचे काही लाभ पुढच्या मालकाला मिळणार नाहीत आणि अशा पुढच्या गाड्यांसाठी तुमची नोंदणी घेतली जाणार नाही. पोर्शने तर अमेरिकेत ९११ एस/टीच्या ग्राहकांना पहिले वर्ष गाडी भाड्याने घ्यायला लावली. वर्ष नीट गेले की मालकी. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ठाऊक असलेल्या महाराष्ट्राने इथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे कायद्याने कुळाला मालक केले. इथे पूर्ण किंमत मोजायला तयार असलेला मालक एक वर्षाचे कूळ होतो, आणि त्याबद्दल आभार मानतो.

या अटींच्या बाजूने बोलता येण्याजोगे आहे, आणि ते आम्ही दडवणार नाही. गाडी घेऊन आठवड्यात दामदुप्पट करणारे सट्टेबाज खरोखर आहेत. त्यांच्यामुळे चालवण्यासाठी बनवलेल्या गाड्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली पडून राहतात; ज्यांनी त्या आरेखल्या त्यांना याचे वाईट वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे. सट्टेबाजाला अडवावे, हे आम्हांलाही मान्य. पण मग एका प्रश्नाचे उत्तर द्या. ग्राहकाने महिन्याभरात नफ्याने विकली तर तो कृतघ्न, त्याच्यावर दावा, त्याची हमी रद्द, त्याचे नाव काळ्या यादीत. आणि डीलरने तीच गाडी, एक मैलही न चालवता, पहिल्याच दिवशी सत्तर हजार चढवून विकली तर? त्याचे नाव मार्केट अ‍ॅडजस्टमेंट. कृत्य तेच, नफा तोच, फक्त करणारा आतला. जी नीती दाराच्या एकाच बाजूला लागू होते, तिला नीती म्हणत नाहीत. तिला देवडीवरचा पहारा म्हणतात.

आणि जोखीम कोणाची? जग्वारची एक्सजे-२२० ही गाडी आठवावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सट्ट्याला उधाण आले होते. तेव्हा लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड अनामत भरून नावे नोंदवली. दाखवलेल्या नमुन्यात बारा सिलिंडरांचे इंजिन होते, प्रत्यक्षात सहांचे आले. दरम्यान बाजार कोसळला आणि महागाईशी जोडलेली किंमत मात्र चढत गेली. अनेकांनी अंग काढून घेऊ पाहिले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि करार तो करार असा निकाल लागून कंपनी जिंकली. शेवटी साडेतीनशेच्या बेताऐवजी सुमारे दोनशे ऐंशीच गाड्या बांधल्या गेल्या. म्हणजे भाव चढला की किंमत ही केवळ सूचना असते, आणि भाव उतरला की ती पवित्र वचन होते. नाणे कोणत्याही बाजूला पडो, ते उचलणारा हात एकच.

डीलरांची कैफियत आम्ही ऐकली आहे. साध्या गाड्यांवर नफा थोडा, जागेचे भाडे मोठे, कंपनी दर काही वर्षांनी नवे शोरूम बांधायला लावते. तेव्हा एखाद्या दुर्मिळ गाडीवर दोन पैसे सुटले तर बिघडले कुठे? बिघडले असे कोणी म्हणत नाही. पण मग ते पैसे दुर्मिळ गाडीच्या जाहिरातीतच लिहा. बोलावताना एक किंमत आणि बसवल्यावर दुसरी, हा प्रकार थांबवावा म्हणून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२३ च्या डिसेंबरात नियम केला होता. त्यात कमाल किंमत नव्हती. खरी किंमत आधी सांगा आणि ग्राहकाच्या संमतीवाचून जोडसाहित्य गळ्यात मारू नका, एवढेच होते. डीलरांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २०२५ च्या जानेवारीत तो नियम कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द झाला. खरे सांगण्याच्या सक्तीविरुद्ध जे खर्चिक वकील देतात, त्यांच्या गरिबीवर आमचा विश्वास बसत नाही.

आमची मागणी लहान आहे. रांग लावा, किंवा लिलाव करा. रांग लावली तर यादी प्रसिद्ध करा. कोणाचा कितवा क्रमांक ते ज्याचे त्याला कळू द्या, आणि तक्त्यावरचा आकडा ही कमाल मर्यादा माना. लिलाव केला तर सर्वांसमक्ष करा, आणि जादा पैसा कोणाच्या खिशात गेला ते सांगा. जुन्या ग्राहकांना अग्रक्रम द्यायचा असेल तर तोही द्या, पण नियम लिहून द्या: किती गाड्या, किती वर्षे, मग हक्क. लिहिलेला नियम कितीही कठोर असला तरी तो माणसाला ताठ उभे राहू देतो. न लिहिलेला नियम कितीही मृदू असला तरी तो कमरेत वाकवतो. आणि विकण्यावर बंदी घालायची तर ती कारखान्याच्या दारापासून घाला, ग्राहकाच्या दारापासून नव्हे.

अर्थात, हे ऐकले जाईल अशी आमची समजूत नाही, कारण दरबार केवळ देणाऱ्यांनी चालत नाही. शोरूमच्या भिंतीवर जुन्या ग्राहकांची छायाचित्रे होती. चावी स्वीकारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर निवड झाल्याचा आनंद होता. ते सारे कर्तृत्ववान लोक होते. कोणी शल्यविशारद, कोणी उद्योजक. ज्यांना आयुष्यात कोणी नकार देत नाही, त्यांना नकार देऊ शकणारी जागा पवित्र वाटू लागते की काय, अशी शंका आम्हांला तिथे आली. त्यांना ही रीत जाचत नाही. रांग लागली तर त्यांच्या आनंदातला निम्मा भाग नाहीसा होईल.

आमच्या स्नेह्यांनी कॉफी संपवली, विक्रेत्याचे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील पोस्टात होते. नऊ वर्षांनी स्कूटरचा नंबर लागला, त्या आठवड्यात शेजारच्या आळीतला एक व्यापारी ‘ऑन’ घेऊन घरी आला. ती रक्कम वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती, आणि घरात बहिणीचे लग्न निघाले होते. वडील म्हणाले, “नंबर माझा आहे, विकायचा नाही, आणि तुमचा यायचा असेल तेव्हा येईल.” व्यापारी गेल्यावर आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. स्कूटर आली, ती पुढे एकवीस वर्षे चालली.

“बाबांना निदान नंबर होता,” स्नेही म्हणाले. त्यापुढे आम्हांला काही सुचले नाही.

त्यांनी अद्याप गाडी घेतलेली नाही. अधूनमधून ते त्याच घराण्यातल्या वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती पाहतात. तिथे किंमत मालक सांगतो, आपण कमी करून मागतो, आणि जमले तर हात मिळवून दोघे आपापल्या घरी जातात.